क्लिनिकचे बिल आणि आपला संकोच

आपल्या समाजात एखाद्या घरी आजारपण आले की शेजारीपाजारी, बैठकेतली माणसे, सगेसोयरे धावून येतात. कोणी रात्रभर जागतो, कोणी मोटार देतो, कोणी जेवणाचा डबा पाठवितो. ही आपली जुनी रीत आहे व तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु रोगी घरी परतल्यावर, किंवा दुर्दैवाने न परतल्यावर, काही महिन्यांनी त्याच घरी एक पाकीट येते. ते क्लिनिकच्या राहिलेल्या बिलाचे असते. कधी ते वसुली करणाऱ्या कंपनीकडून येते, कधी वकिलाकडून, तर कधी कोर्टाचा विसिये स्वतः आणून देतो. घरातील वडील मंडळी ते कपाटात कपड्यांखाली ठेवून देतात व मुलांनाही सांगत नाहीत. या संकोचाविषयी आज लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आपल्या देशात सरकारी हॉस्पिटलात उपचारांचे पैसे पडत नाहीत. कॅन्डोस, रोज-बेल, पांपलमूस येथील हॉस्पिटले सर्वांना खुली आहेत. तरीही पुष्कळ कुटुंबे क्लिनिककडे वळतात. गर्दी नको, लवकर तपासणी व्हावी, जीव वाचावा, हीच त्यामागे इच्छा असते. त्यांना आम्ही दोष देत नाही. मात्र प्रवेशाच्या वेळी टेबलावर जो कागद पुढे येतो, तो वाचल्यावाचून सही करू नये. रोग्याचा मुलगा किंवा जावई 'नातेवाईक' म्हणून सही करतो आणि पुढे कळते की तो जामीन राहिला आहे. सही कशासाठी, अंदाजे खर्च किती, दिवसाला किती, हे विचारावे व शक्य तर लिहून घ्यावे. रोग्याची प्रकृती स्थिरावल्यावर त्याला सरकारी हॉस्पिटलात हलविता येईल काय, हेही डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

आता त्या पाकिटाकडे वळू. कागदाची भीती आपल्या रक्तात आहे. कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी न वाचता येणाऱ्या गिरमिटावर अंगठा उठविला, आणि एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापून जाताना पाहिली. पण त्याच पूर्वजांच्या घरात लाबुतिकची कार्नेही होती. अक्षर न ओळखणारी आजीसुद्धा तांदूळ किती, तेल किती, मीठ किती हे तोंडपाठ ठेवीत असे व महिनाअखेरीस दुकानदाराशी एकेका ओळीचा हिशोब करीत असे. दहा रुपयांच्या तेलासाठी जी चौकशी आपण केली, ती लाख रुपयांच्या बिलासाठी का करू नये?

म्हणून पाकीट प्रथम उघडावे व ते कधी मिळाले ती तारीख त्यावर लिहावी. पैसे कोण मागत आहे, क्लिनिक की तिच्या वतीने दुसरे कोणी, हे पाहावे. दुसरे कोणी असल्यास त्याला क्लिनिकने तसा अधिकार दिल्याचा कागद मागावा. मग खोली, औषधे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी असे सविस्तर बिल लेखी मागावे. आपल्या नागरी कायद्याचे १३१५ वे कलम सांगते की जो देणे मागतो त्याने ते सिद्ध केले पाहिजे. सुरुवातीस भरलेली अनामत रक्कम वजा झाली काय, विम्याचे पैसे जमा धरले काय, हे पावत्यांशी ताडून पाहावे. हिशोब जुळेपर्यंत 'एवढे देणे मान्य आहे' अशी सही कोठेही करू नये.

वसुली कंपनी म्हणजे कोर्ट नव्हे. ती पत्र लिहील, टेलिफोन करील. पण घरातील फ्रीज उचलून नेण्याचा अधिकार तिला नाही. विसियेने आणलेला प्रत्येक कागदही जप्तीचा नसतो. पुष्कळदा ती केवळ नोटीस असते. मात्र कोर्टाचे समन्स आले तर त्या तारखेस हजर राहिलेच पाहिजे. गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी लागतो आणि मग जप्ती खरोखरच दाराशी येते. ज्यांची ऐपत नाही त्यांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद १९७३ च्या कायद्याने केलेली आहे.

देणे खरे असेल तर ते दिलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. क्लिनिकमधील नर्सचा पगारही त्यातूनच निघतो. परंतु आपणास झेपेल असाच हप्ता ठरवावा, तो कागदावर घ्यावा व प्रत्येक पावती जपून ठेवावी. लाजेपोटी एकरकमी पैसे भरण्यासाठी सावकाराकडे जाणे किंवा ऊसाची जमीन गहाण टाकणे हा उपाय नव्हे. बँकेचे कर्जही विचार करूनच घ्यावे. त्याचे हप्ते चुकले तर ती नोंद बँक ऑफ मॉरिशसने २००५ साली सुरू केलेल्या कर्ज-माहिती केंद्रात राहते व पुढे मुलाला घर बांधावयाचे असले की आडवी येते.

रोगी वारला असेल तर आणखी सावध राहावे. वारसा स्वीकारावा, नाकारावा, की मालमत्तेची यादी करून तिच्या मर्यादेतच देणे मान्य करावे, हे ठरविण्याची मुभा कायदा वारसांना देतो. पण वडिलांची मोटार विकली, त्यांचे पैसे वाटून घेतले, की वारसा स्वीकारल्यासारखेच होते. तेराव्यानंतर वाटणीची भाषा निघण्यापूर्वी नोटरीचा सल्ला घ्यावा.

आमची बैठकांच्या चालकांना एक विनंती आहे. आज प्रत्येक गावात फ्रेंच-इंग्रजी उत्तम जाणणारी आपली मुले-मुली आहेत. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी वकिलाच्या कचेरीत. अशा दोघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वडीलधाऱ्यांची पत्रे वाचून समजावून द्यावीत आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. आजारात रात्र जागणाऱ्या समाजाला एवढे कठीण जाऊ नये. आणि ज्या घरी असे पाकीट आज कपाटात पडले असेल, त्या घरच्या काका-काकूंना आमचे नम्र सांगणे आहे की ते आजच बाहेर काढा व घरात सर्वांसमक्ष वाचा. आजारी पडणे हा गुन्हा नव्हे, आणि बिल राहणे हाही नव्हे.