सेवेचे गोडवे आणि वेतनाचा हिशेब

दरवर्षी शिक्षक दिन आला की स्त्री-शिक्षकांच्या त्यागाची आणि सेवावृत्तीची स्तोत्रे गायिली जातात. शाल-श्रीफळ दिले जाते, मंत्री ‘माउली’ म्हणून गौरव करतात, शिक्षिकांची मंडळे वह्यावाटपाचे व वृक्षारोपणाचे अहवाल वाचतात आणि सभा संपते. या सोहळ्यात एक स्त्री मात्र व्यासपीठावर सहसा दिसत नाही. पुष्कळ गावांत ती त्याच शाळेच्या आवारातील एका खोलीत बसलेली असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ती गाणी शिकविते, त्यांची वजने नोंदविते, गरोदर बायकांच्या घरी खेपा घालते, आहाराचा हिशेब ठेवते. सरकारच्या लेखी ती शिक्षिका नाही, कर्मचारी नाही आणि कामगारही नाही. ती ‘मानसेवी’ अंगणवाडी सेविका आहे. तिला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात.

शब्दांचा हा खेळ निरुपद्रवी नाही. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा लागतो, महागाई भत्ता लागतो, निवृत्तिवेतनाचा प्रश्न उभा राहतो. मानधन म्हटले की यांपैकी काहीच देण्याचे बंधन उरत नाही. ‘मान’ हा शब्द पुढे करून ‘धन’ वाचविण्याची ही युक्ती आहे, आणि ती ज्या स्त्रियांवर चालविली जाते त्या बहुतांशी गरीब घरांतील, त्यांपैकी कित्येकजणी विधवा वा परित्यक्ता आहेत.

४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनी जो ५२ दिवसांचा संप केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मानधन नको, वेतन द्या, ग्रॅच्युइटी द्या, निवृत्तिवेतन द्या. संपाच्या काळात सुशिक्षित मध्यमवर्गात एक सूर वारंवार ऐकू आला. सेवेचे व्रत घेतलेल्या स्त्रियांनी मुलांना उपाशी ठेवून रस्त्यावर यावे काय, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कधी पगाराचा हिशेब मागितला होता काय, असा तो सूर होता. ताराबाईंचे व अनुताईंचे नाव या कामी वापरले जात असेल, तर त्या नावांचा खरा इतिहास सांगणे अगत्याचे ठरते.

कोसबाडचे अंगण

अंगणवाडी ही कल्पना दिल्लीच्या कोणत्याही कचेरीत जन्मलेली नाही. हा शब्द आणि ही रीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या प्रयोगातून पुढे आली. ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. प्रतिष्ठेचे ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पण शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या बालमंदिरांत त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी ३५ वर्षांच्या अनुताई, ज्यांना वयाच्या तेराव्या वर्षी वैधव्य आले होते, पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिकेची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे या दोघींनी एकत्र काम केले. बोर्डीहून हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या मागे अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत, सांभाळले.

या दोघींचा भगिनीभाव समारंभांतला नव्हता. तो कामातून उगवला होता. पाड्यावरची वारली मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे तेथे शिक्षणच ठरले. परदेशी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे आणि पाने ही साधने झाली. जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे नाव पडले. शाळा मुलांपर्यंत गेली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. गरिबाच्या मुलाला शिकविणारी व्यक्ती कमी दर्जाची असली तरी चालते, असे कोसबाडने कधीच मानले नाही. उलट, लहानात लहान मुलाला शिकविण्यास अधिकात अधिक तयारीची शिक्षिका लागते, ही ताराबाईंची धारणा होती. म्हणूनच अध्यापिकांच्या प्रशिक्षणावर त्यांनी एवढा भर दिला.

त्याच पट्ट्यातील दुसरी हाक

ज्या वर्षी ताराबाई बोर्डीस आल्या, त्याच वर्षी त्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात आणखी एक सुशिक्षित स्त्री पाड्यापाड्यांतून हिंडत होती. गोदावरी परुळेकर याही सेवेच्या परंपरेतूनच आलेल्या होत्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री-आजीव सदस्य. साक्षरतेचे काम त्यांनी मुंबईत केले होते. पण वारल्यांमध्ये आल्यावर त्यांना दिसले की येथे अक्षराच्या आधी माणसाच्या मानेवरचे जू उतरविले पाहिजे. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोला जन्मभर गुलाम करणारी ‘लग्नगडी’ची चाल, यांविरुद्ध १९४५ च्या मे महिन्यात झरीच्या सभेत लाल बावट्याखाली वारली उभा राहिला. वेठ संपली. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा दर मागताच १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी हुतात्मा झाले.

एका बाजूस अंगणातले शिक्षण, दुसऱ्या बाजूस वेठीविरुद्धचा लढा. या दोन कामांचे मार्ग वेगळे होते आणि त्यांत मतभेदही होते, हे लपविण्याचे कारण नाही. चळवळीतील काही मंडळी कोसबाडच्या कामाला ‘निव्वळ सुधारणावाद’ म्हणून आजही नाक मुरडतात, तर सेवेच्या क्षेत्रातील काही मंडळींना लढ्याचे नावही सोसत नाही. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. वेठीवर नेलेल्या बापाच्या मुलाला कुरणशाळेचा काय उपयोग? आणि वेठीतून सुटलेल्या बापाच्या मुलाला कुरणशाळा नसेल, तर त्याच्या पोरासाठी नवी गुलामगिरी तयारच असते. पाड्याला दोन्हींची गरज होती.

वेठ नव्या नावाने

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. महाराष्ट्रात सुरुवातीलाच ती मेळघाटातील धारणी येथे आली. या योजनेने कोसबाडचा शब्द उचलला, अंगणाची कल्पना उचलली. योजना चांगलीच होती. लाखो मुलांच्या पोटात तिने अन्न घातले, लसीकरण घरोघर नेले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ताराबाईंनी शिक्षिकेला दिलेला दर्जा मात्र सरकारने उचलला नाही. गावातील गरजू स्त्री हुडकावयाची, तिच्या गळ्यात सेवेची माळ घालावयाची आणि तिच्या श्रमाची किंमत देण्यातून मोकळे व्हावयाचे, हा या योजनेचा आर्थिक पाया ठरला. ज्या पट्ट्यात १९४५ साली वेठ बंद पडली, त्याच पट्ट्यातील शब्द घेऊन तीस वर्षांनी राज्यसंस्थेने अल्प मोबदल्यात राबविण्याची नवी पद्धत देशभर रूढ करावी, हा इतिहासाचा कठोर उपहास होय.

आकडे बोलके आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केले आणि त्याची मोठी जाहिरात केली. साडेचार हजार म्हणजे दिवसाला दीडशे रुपये. मदतनिसाच्या वाट्याला २,२५० रुपये आले, म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण ती भर हक्काची नसून मर्जीची असते, आणि बहुधा निवडणुकीच्या तोंडावरच ती आठवते.

‘हे काम अर्धवेळ आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात सर्वेक्षण, गृहभेटी, मतदारयाद्या, मोहिमा आणि मोबाईलवरील नोंदी हे सारे तिच्याच माथी येते. नोंदींसाठी दिलेले मोबाईल इतके निकृष्ट होते की ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते प्रशासनाला परत केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांचा टप्पा औपचारिक शिक्षणाच्या पायाभूत स्तरात घेतला. म्हणजे काम शिक्षिकेचे आणि जबाबदारीही शिक्षिकेची. नाव मात्र सेविकेचे राहिले.

आणि हे काम ‘ऐच्छिक सेवा’ असेल, तर ते बंद ठेवण्याचा अधिकारही ऐच्छिकच असावयास हवा. पण मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच स्त्रियांना अत्यावश्यक सेवांच्या ‘मेस्मा’ कायद्याखाली आणले होते. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती द्यावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने संपावरील सेविकांवर तेच हत्यार उपसले. पगार मागितला की ‘तुम्ही कर्मचारी नाही’ आणि संप केला की ‘तुमच्यावाचून राज्य चालत नाही’! एकाच सरकारच्या तोंडून ही दोन्ही वाक्ये निघतात, यातच मानसेवेच्या ढोंगाचा पुरावा आहे.

न्यायालयांनीही हे ढोंग पूर्णपणे मान्य केलेले नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. त्याआधी २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेत, जेथे सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिन्ही पक्ष असतात, योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस झाली होती. तेव्हा सेविकांची मागणी अवाजवी आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी या दोन गोष्टींना उत्तर द्यावे.

ताराबाईंनी पगार मागितला होता काय, या प्रश्नाचेही उत्तर आता सोपे होते. ताराबाईंनी आपले पद स्वतः सोडले; अनुताईंनी आपली नोकरी स्वतः सोडली. ज्याच्या हाती काही आहे तो स्वेच्छेने सोडतो, त्याला त्याग म्हणतात. जिच्या हाती काहीच नाही तिच्याकडून काढून घेतात, त्याला शोषण म्हणतात. एका व्यक्तीचे व्रत हे राज्याचे वेतनधोरण होऊ शकत नाही. ज्यांना त्यागाचे एवढे कौतुक आहे, त्या मंत्र्यांनी व सचिवांनी साडेचार हजारांच्या मानधनावर एक वर्ष काढून दाखवावे.

भगिनीभावाची कसोटी

सरकारला दोष देऊन मात्र भागणार नाही. अधिक अडचणीचा प्रश्न शिक्षिकांच्या मंडळांना आणि संघटनांना विचारावयाचा आहे. भगिनीभाव हा शब्द त्यांच्या प्रत्येक अहवालात असतो. पण वेतन आयोगाच्या श्रेणीतली शिक्षिका आणि पलीकडच्या खोलीतील सेविका यांचा भगिनीभाव किती? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे असते, पण मंडळाची सभासद म्हणून तिला कोणी विचारीत नाही. कित्येकदा हा भगिनीभाव वेतनश्रेणीच्या कुंपणाशी येऊन थांबतो, आणि त्या कुंपणाला जातीचीही एक तार असते.

१८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले नायगावी आजारी असता त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात त्यांना काळजी वाटली ती पुण्यात शाळांचा भार एकटी वाहणाऱ्या फातिमेची. तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यांनी म्हटले. ज्या सहकारिणीची तक्रार कानी येत नाही तिच्या कष्टांची आठवण ठेवणे, ही शिक्षिकांच्या बंधुतेची महाराष्ट्रातील पहिली व्याख्या आहे. धर्म तिच्या आड आला नाही. आज वेतनश्रेणी आड यावी काय?

शिक्षिकांच्या स्वार्थाचाही हा प्रश्न आहे. २००० साली शासनाने ‘शिक्षणसेवक’ योजना आणली आणि नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर आणले. ‘सेवक’ हा शब्द अंगणवाडीच्या खोलीतून शाळेच्या वर्गात शिरावयास वेळ लागला नाही. शेजारणीचे श्रम स्वस्त ठेवू दिले की आपलेही श्रम स्वस्त होतात, हा कामगार चळवळीचा जुना धडा त्यातून पुन्हा सिद्ध झाला.

पक्षकार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. शिक्षिकांच्या मंडळांना हळदीकुंकवाची मंडळे म्हणून हिणविणे सोडावे. तेथील जिव्हाळा खरा असतो, एकमेकींच्या आजारपणात, संकटात धावून जाण्याची सवय खरी असते, आणि संघटना अशाच सवयींवर उभी राहते. त्या मंडळांत जाऊन तीन ठराव मांडावेत. पहिला, सेविका व मदतनीस यांना बरोबरीचे सभासदत्व. दुसरा, अंगणवाडीच्या संपात तिचे केंद्र चालविण्याचा हुकूम आल्यास कोणतीही शिक्षिका तो पाळणार नाही. तिसरा, पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा दर्जा व वेतन ही मागणी शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर यावी. समाजसेवेचे उपक्रम याने थांबत नाहीत. वह्यावाटपाच्या दिवशी ज्या मुलांना वह्या द्यावयाच्या, त्यांना पहिले अक्षर दाखविणारी बाई अर्धपोटी आहे काय, एवढे विचारले तरी त्या सेवेला अर्थ येईल.

बोर्डीच्या केंद्रातून आणि झरीच्या माळावरून १९४५ साली दोन हाका उठल्या. एकीने म्हटले, शाळा मुलाच्या अंगणात न्या. दुसरीने म्हटले, फुकट राबू नका. अंगणवाडीची बाई या दोन्ही हाकांची वारस आहे. तिच्या हाती खडू देणाऱ्यांनी तिच्या हातातील मागणीपत्रही वाचले पाहिजे, आणि ते वाचून दाखविण्यासाठी शेजारच्या वर्गातली शिक्षिका तिच्या बाजूस येऊन उभी राहिली पाहिजे.