ओट्यावरचा अंधार

बोट कापून आलेल्या पेशंटला आम्ही डॉक्टर ‘सुरी जपून वापरा’ म्हणतो. ओट्यावर उजेड किती, हे विचारत नाही. ओट्याशी उभे राहिले की छतावरची ट्यूब पाठीमागे जाते आणि आपलीच सावली भाजीवर पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर खिडक्याही दिवसभर बंद. त्यात विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो. उपाय साधा आहे : वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला, दुधी आवरणाची एलईडी पट्टी. उजेड हातांवर पडतो, डोळ्यांत नाही. ती ४००० केल्विनची असावी, शेगडी व नळापासून दूर. जोडणी इलेक्ट्रिशियननेच करावी. मॉड्युलर किचन करताना दारांचा रंग नंतर ठरवा. आईच्या हातांवर उजेड आधी.