विश्लेषण : आलिशान सेडान निवडताना आधी काय पाहावे – वेग, रूप की भरवसा?

पिंपळगाव बसवंत परिसरातील एका परिचित द्राक्ष निर्यातदाराने दोन वर्षांपूर्वी एक युरोपीय सेडान घेतली. हंगाम चांगला गेला होता, मुलीचे लग्न झाले होते, वयाची पन्नाशी आली होती. हौसेला मोल नसते, आणि ही हौस त्याने स्वतःच्या कष्टावर मिळवलेली होती. पुढच्या जुलैमध्ये मुंबईला जाताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावीकडची दोन्ही चाके गेली. दोन टायर फाटले, एक रिम वाकली. डिकीत स्टेपनी नव्हतीच; ती त्या मॉडेलला मिळतच नाही. त्या मापाचा टायर नाशिकमध्ये कोणाकडे शिल्लक नव्हता. गाडी चार दिवस उभी राहिली आणि हा गृहस्थ पुतण्याच्या हॅचबॅकमधून बंदरावरच्या कंटेनरमागे धावत राहिला. ‘‘शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते ते मी शोरूममध्ये तीनदा विचारलं. टायर कुठून येतो ते एकदाही विचारलं नाही,’’ असे तो आता सांगतो.

वेग, रूप, भरवसा हा जाहिरातींतला क्रम आहे. नाशिकच्या ग्राहकाने तो उलटा वाचावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न आताच का?

कारणे दोन. पहिले करांचे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या मोटारींवरील उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी या वर्गातील सेडानवर इंजिनाच्या आकारानुसार उपकरासह ४५ ते ४८ टक्के कर बसत होता. साहजिकच किमती उतरल्या आणि जे ग्राहक एक पायरी खाली थांबत होते ते वर पाहू लागले. मात्र राज्याचा एकरकमी वाहन कर कायम आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल मोटारीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, आणि गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. साठ लाखांची डिझेल सेडान स्वतःच्या नावे घेतली तर ढोबळमानाने नऊ लाख, कंपनीच्या नावे घेतली तर बारा लाख. सातपूर-अंबडच्या अनेक उद्योजकांना सनदी लेखापाल घसाऱ्याचा फायदा सांगतात. हे तीन लाखही त्याच कागदावर मांडून घ्यावेत.

दुसरे कारण रस्त्याचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगेला पर्याय मिळाला; इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पार होतो. एसयूव्हीच्या लाटेत मागे पडलेल्या सेडानला असा रस्ता मानवतो. ती जमिनीलगत बसते, वळणावर कमी झुकते, मागच्या आसनावरच्या माणसाला डुलकी लागते. पण गाडी समृद्धीवर राहत नाही. ती आमणेला उतरून ठाण्याच्या कोंडीत शिरते, आणि रात्री परत येऊन सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या नाशिकच्या रस्त्यांवरून घरी जाते.

वेगाचे आकडे कितपत कामाचे?

साठ लाखांच्या आसपासच्या सेडान आता इतक्या सशक्त आहेत की कमी ताकदीची गाडी शोधावी लागेल. बीएमडब्ल्यू ३३० एलआय २५८ अश्वशक्तीची, मर्सिडीज सी २२० डी आणि ऑडी ए४ दोनशेच्या आसपास, टोयोटा कॅम्री हायब्रिड २३०च्या घरात. शंभरचा वेग गाठायला कोणी सहा सेकंद घेते, कोणी सात. समृद्धीवर सपाट भागात मर्यादा ताशी १२०, घाटात १००. म्हणजे त्या एका सेकंदासाठी मोजलेले लाख-दोन लाख रुपये वापरायची जागा कायदेशीररीत्या फारशी उरत नाही.

घाटात उपयोगी पडते ती कमी आवर्तनांवर मिळणारी ओढ. सी २२० डी ४४० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेव्हा चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन चढणीवर ट्रकला मागे टाकताना गिअर खाली टाकण्याची घाई नसते. ८० ते १२० हा टप्पा गाडी कशी ओलांडते, ते टेस्ट ड्राइव्हमध्ये पाहावे. शोरूमचा माणूस कॉलेज रोडवर एक फेरी मारून आणतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. घोटीपर्यंत जाऊन यावे, आणि परतताना मागच्या आसनावर बसावे. यातल्या बऱ्याच गाड्यांचे मालक पुढे बसतच नाहीत. (मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा असतो. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, त्यानंतर काही महिने तरी हे सर्वांच्या लक्षात होते.)

इंधनाची निवडही वापरावरूनच ठरवावी लागते. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहावे लागते, म्हणजे गाडी महामार्गावर सलग धावावी लागते. आठवड्यातून एकदा मुंबई-पुण्याला जाणाऱ्याला डिझेल लाभते. गंगापूर रोड ते अंबड एवढाच ज्याचा रोजचा पल्ला, त्याची गाळणी चोंदते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि मग तो गाडीला दोष देतो. अशा ग्राहकाने पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यावी. विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही. जुनी आलिशान गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एप्रिल २०२३च्या आधी बनलेली पेट्रोल गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी योग्य आहे का, ते कंपनीकडून लेखी घ्यावे.

रूपाची किंमत कोण मोजते?

नाशिककरांना हा धडा घरचाच आहे. २००७मध्ये महिंद्र आणि रेनो यांची लोगन ही सेडान याच शहरातल्या कारखान्यात बनू लागली. ऐसपैस, दणकट, डिझेलला काटकसरी, पण खोक्यासारखी. खर्च वाचावा म्हणून तिचे दोन्ही बाजूंचे आरसेसुद्धा एकाच साच्यातले होते. लोकांनी नाके मुरडली. पुढे ती व्हेरिटो या नावाने आली आणि टॅक्सीवाल्यांनी तिची कदर केली. म्हणजे रूपाला किंमत नाही असे कोणी म्हणू नये. बाजार ती वसूल करतो. पुन्हा विकतानाही रंग आणि मॉडेलचा ताजेपणा भाव ठरवतात.

मात्र आलिशान गाडीत रूपाचा खर्च रंगात नसून चाकात असतो. मोठी रिम आणि तिच्याभोवती टायरची पातळ पट्टी छायाचित्रात देखणी दिसते. रिम वाढली की टायरची बाजू कमी होते, आणि खड्ड्याचा धक्का पेलायला रबर उरत नाही. तो मग रिमला, शॉकअपला, बुशला आणि शेवटी पाठीच्या मणक्याला बसतो. काही गाड्यांना हवा गेल्यावरही थोडे अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असतात. त्यांची बाजू कडक असते, म्हणून ते धक्का जास्त देतात, आणि ते असले की स्टेपनी नसते. त्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीत लहान रिम मिळत असेल तर ती मागून घ्यावी. शेजाऱ्याला फरक कळत नाही, कमरेला कळतो.

दुसरा मुद्दा लांबीचा. भारतीय ग्राहक मागे बसतो म्हणून कंपन्यांनी येथे लांब व्हीलबेसच्या सेडान आणल्या. मर्सिडीज ई-क्लासमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ३,०९४ मिलिमीटर अंतर आहे, बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये ३,१०५. पाय पसरायला जागा उत्तम. पण चाकांतले अंतर वाढले की उंचवट्यावर गाडीचे पोट टेकण्याची शक्यता वाढते, आणि आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या सोसायटीच्या फाटकातून, चार माणसे बसवून आत न्यावी. तळघरातल्या पार्किंगचा उतार असेल तर तोही उतरून पाहावा. एवढे केल्यावर मन बदललेले लोक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत.

भरवसा म्हणजे नेमके काय?

‘गाडी बंद पडत नाही’ एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. तो अर्धा आहे. बिघाड किती वेळा होतो, झाल्यावर गाडी किती दिवस उभी राहते, आणि बिल किती येते, हे तिन्ही मिळून भरवसा होतो. शेवटचे दोन प्रश्न ब्रँडइतकेच गावावर अवलंबून असतात.

पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेतील जे. डी. पॉवरच्या सर्वेक्षणाचा दाखला दिला जातो. तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या त्या पाहणीत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे लेक्सस अव्वल ठरली. त्यात जास्त तक्रारी आल्या त्या स्क्रीन, ब्लूटूथ, आवाजी आज्ञा अशा गोष्टींच्या. इंजिन-गिअरबॉक्सच्या त्या मानाने कमी. म्हणून शोरूममध्ये मोठ्या पडद्यावर भाळण्याआधी वातानुकूलनासाठी साधे बटण आहे का, ते पाहावे. अर्थात अमेरिकेच्या रस्त्यांवरचा निकाल आपल्या धुळीला आणि पावसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाशिकमध्येच शोधायचे. ब्रँडचे येथे केवळ विक्री दालन आहे की पूर्ण वर्कशॉप? रंगकाम आणि बॉडी दुरुस्ती येथे होते की गाडी ट्रकवर चढवून पुण्या-मुंबईला जाते? मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला, लेक्सस ईएस बिडदीला. ‘आपल्या महाराष्ट्रातच बनते’ ऐकून हायसे वाटते, पण जोडणी येथे झाली म्हणून प्रत्येक सुटा भाग येथे तयार होत नाही. हेडलॅम्प, पुढचा बंपर, विंडस्क्रीन आणि टायर या चार वस्तूंची किंमत आणि मिळण्याचा अवधी गाडी बुक करण्याआधी लेखी मागावा. आजच्या एलईडी हेडलॅम्पची किंमत ऐकून घाम फुटतो; तो खरेदीच्या आधी फुटलेला बरा.

पावसाचेही पाहायला हवे. गोदावरीच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की सराफ बाजाराची काय अवस्था होते ते नाशिककर जाणतात. सेडानची हवा ओढण्याची नळी खाली असते. पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला तर ते आतून मोडते, आणि साधा विमा ते नुकसान सहसा देत नाही. इंजिन संरक्षणाचे वाढीव कलम घ्यावेच.

खरी कसोटी मूळ वॉरंटी संपल्यावर लागते. ती कोणाची दोन वर्षांची असते, कोणाची तीन. हप्ते मात्र पाच-सात वर्षे चालतात. म्हणजे कर्जाचा बराच काळ गाडी बिनसंरक्षण असते, आणि नेमक्या त्याच काळात सस्पेन्शन, गिअरबॉक्सचे इलेक्ट्रॉनिक भाग, वातानुकूलन यांचे मोठे खर्च निघतात. त्यावेळी विकायला जावे तर निम्मी किंमत मिळाली तरी पुष्कळ. हायब्रिडच्या बॅटरीची भीती लोक फार बाळगतात. कॅम्रीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. मोठ्या चाकांसाठी आणि उघडणाऱ्या काचेच्या छतासाठी ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याने ते आधी वाढीव वॉरंटीत घालावेत, आणि हा सौदा गाडी बुक करतानाच करावा. त्या दिवशी विक्रेता ऐकतो.

वाद झालाच तर?

२०२१च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोगात करता येते. तक्रारदार जिथे राहतो तेथील आयोगातही जाता येते, शोरूम दुसऱ्या शहरात असले तरी. कंपनीच्या नावे गाडी घेतली म्हणजे ग्राहक हा दर्जा गेला, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे होत आला. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मर्सिडीजच्या प्रकरणात संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी ‘व्यावसायिक हेतू’साठी घेतलेली ठरवण्यास नकार दिला. उद्योजकांसाठी हा निकाल मोलाचा आहे. तरी प्रत्येक जॉबकार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘सामान्य तपासणी’ एवढेच लिहिलेला कागद आयोगापुढे टिकत नाही.

ऑक्टोबर २०१०मध्ये शेजारच्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजक आणि व्यावसायिकांच्या गटाने एकदम दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या होत्या. सौदा ६५ कोटींचा. त्यासाठी स्टेट बँकेने सात टक्के दराने दिलेल्या कर्जावर पी. साईनाथ यांनी ट्रॅक्टरच्या कर्जाशी तुलना करून बोट ठेवले होते, आणि ते योग्यच होते. पण एकत्र गेल्यावर केवढी घासाघीस करता येते, तेही त्या खरेदीने दाखवले. नाशिकमध्ये वीस-पंचवीस ग्राहक एकत्र आले, तर किमतीतल्या सवलतीऐवजी त्यांना दुसरे काही मागता येईल : पाच वर्षांची वॉरंटी, शहरातच बॉडी दुरुस्ती, गाडी अडकल्यास बदली गाडी, आणि गोदामात त्या मापाचे चार टायर कायम शिल्लक.

पिंपळगावच्या त्या परिचिताने गेल्या दिवाळीत कंपनीच्या मान्यतेने एक इंच लहान रिम बसवून घेतल्या. जुन्या, चकचकीत रिम घराच्या गच्चीवर ठेवल्या आहेत. गाडीची वॉरंटी येत्या मार्चमध्ये संपते आणि वाढीव वॉरंटीचे दरपत्रक त्याने मागवले आहे. आकडा मोठा आहे. द्राक्षांचा यंदाचा भाव कळेपर्यंत तो थांबणार आहे.