रोप लावणारे हात आणि तीन उन्हाळे : सीमाभागातील कॉलेजांचा हरित हिशेब

दरवर्षी ५ जून आला की आपल्या बीदर-गुलबर्गा भागातील कॉलेजांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. खड्डे आदल्या दिवशी खणलेले असतात, पाहुणे येतात, रोपाला माती लोटली जाते, फोटो निघतो. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये वनमहोत्सव आणि सप्टेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचा दिन. रोपे लावणारी मुलेमुली मनापासून लावतात, त्यात खोट नाही. पण पुढच्या जूनमध्ये बऱ्याचदा त्याच खड्ड्यात नवे रोप जाते. हे का होते, याचा विचार केल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या पर्यावरण चळवळीची खरी ताकद आणि खरी अडचण कळणार नाही. आपल्या समाजातील बहुतेक घरांतून एखादे तरी मूल भालकी, बसवकल्याण, बीदर, आळंद, गुलबर्गा किंवा पलीकडे उदगीर-लातूर-सोलापूरला शिकत आहे, म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

कागदावर काहीच कमी नाही

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे न्यायालयाच्या रेट्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम ठरवला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी लिहिले. राष्ट्रीय सेवा योजना तर २४ सप्टेंबर १९६९ पासून आहे. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. 'नॅक'च्या मूल्यांकनात हरित परीक्षण, ऊर्जा परीक्षण, पावसाचे पाणी साठवणे, कचरा व्यवस्थापन या सगळ्याला जागा आहे. अनुदान आयोगाच्या पर्यावरणस्नेही परिसराच्या आराखड्याचे नावच 'सतत' असे आहे.

नाव अगदी नेमके पडले, कारण आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट नाही. अभ्यासक्रम एका सत्रात संपतो, शिबिर सात दिवसांत संपते, मूल्यांकनाची समिती दोन दिवसांत परत जाते. झाडाला मात्र आपल्या भागात जगायला किमान तीन उन्हाळे लागतात. सुट्टी कधी लागते ते पाहा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा, मग सगळी मुले गावी. ज्या आठवड्यांत रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच आठवड्यांत कॉलेज ओस पडलेले असते. त्यात तिसऱ्या वर्षाची मुले पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांनी शिकलेलेही त्यांच्याबरोबर जाते. पुढची तुकडी पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात करते. हा मुलांचा आळस नाही. कॉलेजचे वेळापत्रक आणि निसर्गाचे वेळापत्रक एकमेकांना भेटत नाही, एवढाच याचा अर्थ.

पाण्याचा साधा हिशेब

पाणीच नाही तर झाडे कशी जगणार, असे आपण म्हणतो. थोडे गणित करून पाहू. एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी द्यायचे ठरवले, तर जानेवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच्या वीस आठवड्यांत ४०० लिटर लागते. पाचशे रोपांना दोन लाख लिटर.

आता कॉलेजच्या गच्चीकडे पाहा. आपल्याकडे बऱ्या वर्षी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढा पाऊस पडला की आठ लाख लिटर पाणी होते. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ६ लाख ४० हजार लिटर उरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिला दहा टँकर होते आणि त्यांत पाच लाख लिटरच्या आसपास पाणी होते. सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिलेल्या त्या गाडीपेक्षा जास्त पाणी आपल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजच्या गच्चीवरून दरवर्षी गटारात जाते.

एवढे पाणी टाकीत साठवणे परवडणारे नाही, हे खरे. पण ते गाळून बंद पडलेल्या विहिरीत किंवा बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येते. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ते कोणीतरी दर पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करणे, गाळणीतील वाळू धुणे आणि विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहिणे. हे काम विद्यार्थ्यांना उत्तम जमेल. फक्त ते त्यांच्यावर सोपवले पाहिजे आणि ती वही तुकडीनंतर तुकडीकडे गेली पाहिजे.

बीदरची जुनी शाळा

सातत्य म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली ती पंधराव्या शतकात. उंच पठारावरच्या या शहराला मोठी नदी जवळ नाही. पण वर जांभा दगड आणि खाली काळा पाषाण अशी इथली जमीन आहे. जांभ्यातून पाणी झिरपते आणि पाषाणावर अडते. हे ओळखून इराणी पद्धतीच्या करेझ म्हणजे भुयारी पाणवाटा इथे खोदल्या गेल्या. लोक त्यांना 'सुरंग बावी' म्हणतात. नौबादची करेझ दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे. तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी आहेत. पंप नाही, मोट नाही. अगदी हलका उतार ठेवून पाणी आपोआप पुढे वाहते. १४७२ साली महमूद गवानने बांधलेला मदरसाही याच काळातला. दूरदूरचे विद्यार्थी राहून शिकत असलेले ते विद्यापीठच होते. म्हणजे बीदरमध्ये ज्ञानाचा परिसर आणि पाण्याचे शास्त्र एकाच शतकात उभे राहिले.

पुढे या विहिरींच्या तोंडांत कचरा गेला, काहींवर बांधकाम आले आणि करेझ विस्मरणात गेली. गेल्या दीड दशकात ती पुन्हा उजेडात आली, त्यात केरळमधील चित्तूरच्या सरकारी कॉलेजातील भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांच्या सर्वेक्षणाचा मोठा वाटा आहे. त्यांच्यासोबत बीदरमधील 'टीम युवा' ही तरुणांची संघटना उभी राहिली. जिल्हा प्रशासनाने गाळ काढण्याचे काम हाती घेतले. अभ्यासक, स्थानिक तरुण आणि प्रशासन हे तिघे एकत्र आले तेव्हा काम झाले. यांतला एक जरी बाजूला राहिला असता, तरी तो फार तर एक लेख किंवा एक दिवसाचे श्रमदान झाले असते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उदाहरणही असेच बोलके आहे. साडेआठशे एकरांच्या त्या परिसरात तलाव, विहिरी, शेततळी यांची कामे वर्षानुवर्षे चालू ठेवल्याने पाण्याची बरीचशी गरज आवारातच भागते. एका कुलगुरूंनी सुरू केलेले दुसऱ्यांनी बंद केले नाही, हे त्यामागचे साधे रहस्य.

कोणती झाडे, आणि झाडेच का?

आपल्याकडे एक चूक वारंवार होते. दिसायला हिरवे आणि झटपट वाढणारे ते चांगले, असे समजून शोभेची झाडे लावली जातात. जांभ्याच्या उथळ मातीत कडुनिंब, करंज, चिंच, पळस, कवठ, सीताफळ ही ओळखीची मंडळीच टिकतात. पक्ष्यांना आणि मधमाश्यांना आसराही तीच देतात.

दुसरी चूक अधिक गंभीर. मोकळे माळरान दिसले की ते ओसाड समजून तिथे खड्डे खणायचे. बीदरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत, त्यांना दाट झाडी नको, गवत हवे. आपल्या शेजारी चिंचोळीला २०११ साली अभयारण्य जाहीर झाले, ते कोरड्या प्रदेशातील जंगलाचे. प्रत्येक जागेचे हिरवेपण वेगळे असते. कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठासारख्या शेकडो एकरांच्या परिसरात काही भाग गवताळ ठेवणे हेही पर्यावरणाचेच काम आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आवारातील गवत, पक्षी, फुलपाखरे यांची ऋतुवार नोंद ठेवली, तर ती शंभर रोपांपेक्षा कमी मोलाची ठरणार नाही.

प्रश्न विचारण्याची मुभा

इथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. मुलांनी झाड लावलेले सर्वांना आवडते. पण मुलांनी विचारले की वसतिगृहाचे सांडपाणी कुठे जाते, भोजनगृहात रोज किती अन्न फेकले जाते, पालापाचोळा का जाळला जातो, तर ते तितके आवडत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर वेगळी जबाबदारी टाकली आणि त्यांत कॉलेजे-विद्यापीठेही आली. आपले कॉलेज त्यात बसते का, हे कळायला आठवडाभर रोज कचरा वजन करणे पुरेसे आहे. कॉलेजबाहेरही तेच. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविषयी आसपासच्या गावांतून वर्षानुवर्षे तक्रारी येतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या विहिरींचे पाणी नियमित तपासून नोंदी जाहीर केल्या, तर तक्रारीला पुरावा मिळेल किंवा अफवेला उत्तर मिळेल. दोन्ही बाजूंनी गावाचा फायदाच आहे.

निधीचा प्रश्न आपल्या भागात पूर्वीइतका अवघड नाही. ३७१ जे कलमानंतर कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळामार्फत मोठा पैसा येतो. अलीकडच्या अर्थसंकल्पांत वर्षाला ५,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आहे. त्यातून कॉलेजांच्या इमारती होतात, ते चांगलेच. पण इमारतीच्या आराखड्यातच गच्चीच्या पाण्याची सोय असावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे कोणी केली पाहिजे? त्या इमारतीत शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळापुरते तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सुट्टीतले पाणी. ज्या गावात कॉलेज आहे तिथल्या आपल्या सभासदांनी एप्रिल-मेमध्ये रोपांची पाळी वाटून घ्यावी. दहा घरांनी प्रत्येकी पन्नास रोपे सांभाळली तर वर केलेला पाचशे रोपांचा हिशेब पुरा होतो. दुसरी, भाषा. कॉलेजातील फलक कन्नड किंवा इंग्रजीत असतात. औराद-भालकीच्या अनेक घरांत बोलणे मराठीत चालते. मुलांनी केलेल्या पाण्याच्या आणि कचऱ्याच्या नोंदी कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत गावात लागल्या पाहिजेत. पाणी काही भाषा पाहून झिरपत नाही. तिसरी, आठवण. कोणता आड कधी आटला, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, ओढा कुठून वाहायचा, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. मुलांनी ते विचारून लिहून घ्यावे. अशी माहिती कुठल्याही परीक्षणाच्या अहवालात सापडणार नाही.

बसवकल्याणच्या भूमीने बाराव्या शतकात 'कायक' हा शब्द जगाला दिला. काम हीच पूजा, आणि पूजा रोजची असते. येत्या ५ जूनला आपल्या घरचे मूल रोपासोबतचा फोटो दाखवील तेव्हा त्याचे कौतुक जरूर करू या. आणि मागच्या वर्षीचे रोप कसे आहे, एवढेही विचारू या.