कॅम्पस पाहावा, पण रँक लागण्याआधी

बारावीची परीक्षा संपते, जेईईचा रँक हाती येतो आणि घराघरांत याद्या सुरू होतात. कोणते कॉलेज वर, कोणते खाली. ब्रँच धरायची की संस्था. जबलपूरच्या राइट टाऊनमधले बंगले असोत, गोलबाजाराजवळची जुनी मराठी घरे असोत की रांझी-खमरियाकडची फॅक्टरीची क्वार्टर्स, या दिवसांत एक वाक्य सगळीकडे ऐकू येते: ‘एकदा जाऊन बघून यायचं का?’ मग नागपूरच्या मामांना फोन होतो, पुण्याच्या आत्याकडे दोन दिवसांचा मुक्काम ठरतो, बाबा रजेचा अर्ज टाकतात. हे जाणे खरोखर उपयोगाचे आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण या फेरीवर घराचा पैसा लागतो आणि मुलाच्या मनावर तिचा परिणाम बराच काळ राहतो.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटायचा. काउन्सेलिंगला कागदपत्रांची फाइल घेऊन प्रत्यक्ष जावे लागे आणि त्या निमित्ताने एखादे तरी कॉलेज, एखादे तरी हॉस्टेल नजरेखालून जाई. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांचे प्रवेश ‘जोसा’मार्फत एकत्र होऊ लागले. घरबसल्या पसंतीची यादी भरायची, लॉक करायची आणि मग फेरीगणिक फ्रीझ, फ्लोट की स्लाइड ते ठरवायचे. हेलपाटे वाचले, खर्च वाचला, मंडला-डिंडोरीच्या मुलालाही दिल्लीच्या मुलाइतकीच सोय मिळाली. हे चांगलेच झाले. पण मूल जिथे चार वर्षे काढणार, ती जागा आता अनेक घरांना पहिल्यांदा दिसते ती गादी-उशी घेऊन रिपोर्टिंगला गेल्यावर. तोवर फी भरलेली असते.

तरीही ‘आधी पाहून या’ असे सरसकट सांगणे सोपे नाही. पहिला आक्षेप सगळ्यांत जड आहे. आपल्याकडे विद्यार्थी कॉलेज निवडतो त्यापेक्षा रँक आणि नियम त्याच्यासाठी ते जास्त निवडतात. जबलपूरच्या मराठी मुलांना तर हे फार जाणवते. नागपूरचे व्हीएनआयटी रस्त्याने जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवर. तिथे आजोळ, तिथे लग्नकार्ये, घरात बोलली जाते तीच भाषा. पण एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी कुठून केली यावर. म्हणून जबलपुरात बारावी केलेली मुलगी नागपुरात बाहेरची आणि भोपाळच्या मॅनिटमध्ये घरची. महाराष्ट्र सरकारच्या सीईटी प्रवेशांतही तेच. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिथे स्वतंत्र तरतूद आहे. पिढ्यान्‌पिढ्या नर्मदेकाठी राहिलेल्या मराठी घरातल्या मुलाला, आई-वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा नसेल तर, इतर राज्यांतल्या उमेदवारांच्याच रांगेत उभे राहावे लागते. पुण्यात नातेवाईक आहेत म्हणून तिथली कॉलेजे पाहून यायची, मुलाने त्या आवारात मनाने राहायलाही लागायचे आणि मग नियमपुस्तिका उघडायची, असे अनेक घरांत घडते. क्रम उलटा हवा. तिकीट काढण्याआधी नियम वाचावेत. दोन संध्याकाळींचे काम आहे.

दुसरा आक्षेप डोळ्यांबद्दलचा. एका दिवसात दिसते ती इमारत, आणि इमारतीवरून संस्थेची परीक्षा होत नाही. आपल्याच शहरात याचे दाखले आहेत. डुमना रस्त्यावरची ट्रिपल आयटीडीएम २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे वर्ग शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत. धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१८ मध्ये पहिली तुकडी घेतली ती बीएसएनएलच्या प्रशिक्षण संस्थेच्या वास्तूत. नागपूरच्या एम्सची सुरुवातही त्याच वर्षी तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. त्या त्या वर्षी आवार पाहून ज्यांनी मान फिरवली असेल, त्यांनी उसन्या भिंती पाहिल्या. संस्था पाहिली नाही. १९४७ साली सुरू झालेल्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जुन्या इमारती बघून आज एखादा पालक नाराज होईल आणि काचेच्या दर्शनी भागाच्या, वातानुकूलित स्वागतकक्षाच्या नव्या खासगी कॉलेजात त्याला हायसे वाटेल. पण तो स्वागतकक्ष पालकांसाठीच बांधलेला असतो. त्यात मुलाचे चार वर्षांत पाच तासही जात नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती थोडक्यात सांगता येते. पुणे सुमारे हजार किलोमीटर. तिघांचे तिकीट, मुक्काम, रजा. ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मुलाला एखादे कॉलेज दाखवता आले नाही म्हणून त्याचे नुकसान झाले असे मानायला कसलाही आधार नाही.

एवढे सगळे मान्य करूनही जाण्याच्या बाजूने एक गोष्ट उरते आणि आमच्या मते ती निर्णायक आहे. माहितीपत्रकात आणि संकेतस्थळावर अभ्यासक्रम कळतो, राहणे कळत नाही. ट्रिपल आयटीडीएमचेच उदाहरण घ्या. आवार मोठे, शेजारी डुमनाचे राखीव जंगल, खंदारीचा जलाशय, हवा स्वच्छ. शहराचा गजबजलेला भाग मात्र बऱ्याच अंतरावर. त्या शांततेत एका मुलाला अभ्यासाला जागा सापडते आणि एकत्र कुटुंबात, सतत माणसांच्या घोळक्यात वाढलेल्या दुसऱ्याला रविवारची संध्याकाळ खायला उठते. दोघांचे रँक सारखे असू शकतात. कटऑफच्या तक्त्यात हा फरक दिसणार नाही. तो त्या मुलालाच तिथे उभे राहून कळतो.

काय पाहायचे, हेही सांगायला हवे. प्रयोगशाळेत यंत्रांवरची कापडे पाहावीत. रोज काढली-घातली जाणारी कापडे चुरगळलेली, डागाळलेली असतात; नीट घडी पडलेल्या कापडावर धूळ बसलेली दिसली तर ते यंत्र महिनोन्‌महिने चाललेले नाही. ग्रंथालयात संध्याकाळी सहानंतर जावे, रॅकवरची पुस्तके मोजण्यापेक्षा टेबलांवर किती जण बसले आहेत ते पाहावे. हॉस्टेलच्या मजल्यावर पिण्याचे पाणी कुठे आहे, मेसच्या भिंतीवरचा आठवड्याचा तक्ता आणि ताटातले जेवण जुळते का, सूचनाफलकावरची शेवटची सूचना कोणत्या तारखेची आहे. मुलीला हॉस्टेलवर ठेवायचे तर तिने स्वतः विचारावे: मुलींच्या हॉस्टेलचे दार किती वाजता बंद होते, मुलांचे किती वाजता, आणि रात्री लॅबमध्ये थांबायचे असेल तर काय करावे लागते? २०१८ पासून आयआयटी-एनआयटींत मुलींसाठी वाढीव जागा आल्या. त्या जागेवर गेलेल्या मुलीला लॅब रात्री दहाला वापरता येत नसेल तर तो तोटा तिचाच आहे.

यातले बरेचसे प्रश्न घरी बसूनही निम्मे सुटतात. पॅकेजचेच पाहा. वडीलमंडळींचा पहिला प्रश्न तोच असतो आणि उत्तरात सांगितला जातो तो सर्वांत मोठा आकडा. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, प्रत्येक संस्थेला किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, त्यांपैकी किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे द्यावे लागते. ही माहिती सगळ्यांना पाहण्यासाठी खुली असते. ती आधी वाचून गेलेल्या पालकाला प्लेसमेंटच्या फलकासमोर अर्धा तास घालवावा लागत नाही, आणि तो वेळ मुलाला मिळतो.

कारण अशा भेटींत सर्वांत कमी जागा मिळते ती मुलालाच. बाबा प्राध्यापकांशी बोलतात, आई वॉर्डनबाईंना जेवणाचे आणि न्हाणीघरांचे विचारते, सोबत आलेले काका त्यांच्या वेळच्या इंजिनीअरिंगच्या आठवणी काढतात आणि जिच्यासाठी ही सगळी धावपळ, ती सतरा वर्षांची मुलगी दोन पावले मागे, मोबाइलकडे बघत उभी असते. परतीच्या गाडीत सिवनी येण्याआधीच मोठ्यांचे मत ठरलेले असते. मग तिला विचारले जाते, ‘तुला आवडलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय दुसरे उत्तर देणे आपल्या घरांत फारसे चालत नाही. आईचा जेवणाचा प्रश्न क्षुल्लक नाही आणि वडिलांचा नोकरीचाही नाही. घरातल्या बचतीवर उभा असलेला निर्णय आहे, तेव्हा त्यांना बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. पण एक तास तरी आई-वडिलांनी कॅन्टीनमध्ये बसावे आणि मुलीला तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर सोडावे. पालकांसमोर विद्यार्थी जे बोलत नाहीत ते तिला त्या एका तासात कळेल: कोण शिकवते, कोण नुसता हजेरी घेतो, रॅगिंगचे नियम कागदावर आहेत की पाळले जातात. घरी आल्यावर पहिले मत तिचे ऐकावे, मग आपापली मते द्यावीत.

एका प्रकारच्या भेटीला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. आठवी-नववीतल्या मुलाला सुटीत मुंबईला नेऊन पवईच्या आयआयटीच्या फाटकासमोर उभे करायचे, फोटो काढायचा, तो घरी अभ्यासाच्या टेबलासमोर लावायचा आणि ‘इथेच जायचंय तुला’ असे सांगत राहायचे. हेतू चांगलाच असतो. पण दरवर्षी लाखो मुले जेईई देतात आणि आयआयटीतल्या जागा हजारांत आहेत, म्हणजे हा फोटो लावलेल्या बहुतेक घरांत तो पुढे अपयशाची रोजची आठवण ठरणार. कोट्याला गेलेल्या मुलांवर ओझ्याचे काय परिणाम होतात ते आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. ते ओझे चौदाव्या वर्षी, सहलीच्या नावाखाली, आपल्या हातांनी लादू नये.

मग जायचे केव्हा? जूनमध्ये, रँक आल्यावर, वेळ फार थोडा असतो आणि आवारे सुटीमुळे ओस पडलेली असतात. मेस अर्धी बंद, विद्यार्थी आपापल्या गावी, वर जबलपूर-नागपूरचा उन्हाळा. त्या दिवसांत कॉलेज दिसते, कॉलेजमधले दिवस दिसत नाहीत. आमचे मत असे की पहिली फेरी अकरावीच्या हिवाळ्यात व्हावी, कामाच्या दिवशी व्हावी आणि ती आपल्याच शहरात व्हावी. त्या वेळी रँकचा पत्ता नसतो, म्हणून कोणत्याही फाटकावर मन अडकत नाही; पाहायचे असते ते क्षेत्र. जबलपूरला यासाठी नशीबवानच म्हणायला हवे. अभियांत्रिकी आहे, १९५५ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४८ पासूनचे पशुवैद्यकीय आहे, १९६४ पासूनचे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे, विधी विद्यापीठ आहे आणि वकिलीची इच्छा असणाऱ्यासाठी खुद्द उच्च न्यायालय आहे. ‘डॉक्टर व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलाने एक सकाळ मेडिकलच्या ओपीडीत बाकावर बसून काढावी. केसपेपरची रांग, कर्मचाऱ्यांची धावपळ आणि एका डॉक्टरपुढचे रुग्ण पाहावेत. कुणाचा निश्चय पक्का होईल, कुणाचा ढळेल, आणि दोन्ही उपयोगाचेच. सगळे मित्र जेईईला बसले म्हणून आपणही बसणाऱ्या मुलीने कृषी विद्यापीठाचे प्रायोगिक प्लॉट एकदा चालून पाहावेत. याला तिकीट लागत नाही, फक्त एक दिवसाची शाळा आणि क्लास बुडतो.

दुसरी फेरी रँक आल्यावर, आणि तीही फक्त तेव्हा, जेव्हा दोन हाती येण्याजोग्या जागांमध्ये खरा संभ्रम आहे: इथे हवी ती ब्रँच, तिथे मोठे नाव. अशा वेळी प्रवास परवडत असेल तर जावे, नसेल तर तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाशी अर्धा तास फोनवर बोलावे. रिकाम्या आवारात फिरण्यापेक्षा तो फोन बहुतेकदा जास्त सांगून जाईल. यादीचा शेवटचा क्रम मुलाने लावावा आणि लॉक करण्याआधी पालकांनी तो एकदा नियमांशी ताडून पाहावा.

हे सगळे पालकांवर सोडून भागणार नाही. आपल्या बहुतेक सरकारी संस्थांच्या फाटकावर रजिस्टर घेऊन बसलेला गार्ड विचारतो, ‘किससे मिलना है?’ आणि अकरावीतल्या मुलीच्या वडिलांकडे त्याचे उत्तर नसते. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था वर्षातून एक दिवस सगळ्यांसाठी दारे उघडते; शाळकरी मुले प्रयोगशाळांतून हिंडतात, संशोधकांना प्रश्न विचारतात. जबलपूरच्या अभियांत्रिकी, ट्रिपल आयटीडीएम, मेडिकल, पशुवैद्यकीय, कृषी आणि विधी या संस्थांनी मिळून जानेवारी-फेब्रुवारीतला एक कामाचा शनिवार ठरवावा. वर्ग चालू ठेवावेत, प्रत्येक विभागाने दोन विद्यार्थी सोबतीला द्यावेत, एका हॉस्टेलचा एक मजला आणि मेस पाहू द्यावी, आणि ती तारीख शहरातल्या प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर दिवाळीआधी लागावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. येत्या हिवाळ्यापासून हे सुरू करावे, अशी आमची या संस्थांच्या प्रमुखांना विनंती आहे.