दीडशे पौंड तंबाखू

अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीची गोष्ट नेहमी पुरुषांनी भरलेल्या जहाजांपासून सुरू होते. १६०७ च्या मे महिन्यात लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीचे शंभरेक पुरुष आणि मुलगे जेम्स नदीच्या काठी उतरले आणि त्यांनी जेम्सटाउन वसवलं. इंग्रजांची तिथली ही पहिली टिकलेली वसाहत. या मंडळींना पुस्तकं 'संस्थापक' म्हणतात. पण त्यांना जगवलं कोणी?

ती जमीन पाव्हाटन लोकांची. त्यांच्यात मक्याची शेती बायका करत, घरंही त्याच बांधत. इंग्रजांनी कधी मणी-तांबं देऊन, कधी बंदुकीच्या धाकाने जो मका नेला, तो या बायकांच्या घामाचा होता. १६०९-१० च्या हिवाळ्यात तो मिळेनासा झाला आणि वसाहत उपासमारीने जवळजवळ संपलीच. त्या हिवाळ्यातली, चौदाएक वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी २०१२ साली उत्खननात सापडली. मेल्यावर तिचं मांस खाल्लं गेल्याच्या खुणा हाडांवर होत्या. संशोधकांनी तिला 'जेन' म्हटलं. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही.

अ‍ॅन बरस ही मोलकरीण आपल्या मालकिणीबरोबर १६०८ साली आली. वसाहतीत आलेल्या पहिल्या दोन इंग्रज स्त्रिया याच. वर्ष सरायच्या आत अ‍ॅनचं लग्न झालं आणि वसाहतीतलं पहिलं इंग्रजी लग्न म्हणून त्याची नोंद कौतुकाने होते. पुढचं कमी सांगितलं जातं. अ‍ॅनला आणि जेन राइट नावाच्या बाईला कंपनीच्या नोकरांचे सदरे शिवायला दिले होते. दोरा मोजून मिळायचा, आणि तोही कुचका. म्हणून त्यांनी सदऱ्यांच्या खालच्या भागातला दोरा उसवून वापरला. सदरे आखूड झाले. त्यासाठी दोघींना फटके मारण्यात आले. अ‍ॅन गरोदर होती. त्याच रात्री तिचा गर्भ पडला.

मग कंपनीच्या लक्षात आलं की बायका नसतील तर पुरुष तिथे टिकत नाहीत, तंबाखूचे पैसे करून मायदेशी परततात. १६२० साली नव्वदएक मुली पाठवल्या गेल्या, १६२१ साली आणखी पन्नासावर. त्यांच्या याद्या शिल्लक आहेत: वय, घराणं, आणि काय काय येतं ते. लोणी काढणं, पाव भाजणं, सूत कातणं, शिवण. बऱ्याच जणींचे वडील वारलेले होते. जो पुरुष लग्न करील त्याने कंपनीला भाडंखर्च म्हणून आधी १२० आणि नंतर १५० पौंड उत्तम तंबाखू द्यायचा असं ठरलं. वाटेत एखादी मेली, तर तिची किंमत उरलेल्या मुलींच्या किमतीवर चढवायची!

या मुलींना 'तंबाखूच्या नवऱ्या' म्हणायची रीत आहे. त्यात एक गोडवा भरलेला असतो. कंपनीने त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती, नवरा निवडायची मुभा होती, असंही सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण बाप नाही, हुंड्याला पैसा नाही, अशा मुलीची 'निवड' कशी असते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

जेन डिकन्सनचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. मार्च १६२२ मध्ये पाव्हाटनांनी वसाहतीवर हल्ला केला, ३४७ इंग्रज मारले गेले. त्यात जेनचा नवरा गेला आणि ती कैद झाली. सुमारे दहा महिन्यांनी डॉक्टर पॉट यांनी दोन पौंड मणी देऊन तिला सोडवलं, आणि मग त्या मण्यांच्या व नवऱ्याच्या उरलेल्या चाकरीच्या बदल्यात तिला स्वतःकडे राबवून घेतलं. १६२४ साली तिने गव्हर्नरकडे अर्ज केला: डॉक्टरांकडची ही गुलामी शत्रूकडच्या कैदेपेक्षा फारशी वेगळी नाही.

इथवर वाचून 'बाई सगळीकडे सारखीच' असं म्हणावंसं वाटेल. मला ते म्हणता येत नाही. १६४३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने आफ्रिकी स्त्रीला शेतमजूर धरून तिच्यावर कर लावला. इंग्रज बायको त्यातून वगळली. एकीचं काम 'श्रम', दुसरीचं 'घरकाम'. एलिझाबेथ की हिची आई आफ्रिकी, बाप इंग्रज. बापाच्या आधारावर तिने कोर्टात भांडून १६५६ साली स्वातंत्र्य मिळवलं. १६६२ साली कायदा आला: मूल आईच्या दर्जाचं. इंग्रजी रिवाज बापाचा होता. तो मुद्दाम उलटा केला. गुलाम बाईवर मालकाने बळजोरी केली, तर होणारं मूल त्याचीच मालमत्ता. या कायद्याचा फायदा ज्या घरांना झाला, त्या घरांत तंबाखूच्या मोलाने आलेल्या मुलींच्या लेकीसुनाही असतील. जिची किंमत ठरली ती आपोआप दुसरीच्या बाजूला उभी राहते असं नाही. 'आम्ही साऱ्या स्त्रिया' म्हणताना इथे थांबायला हवं.

व्हर्जिनिया कंपनीचे १६१९ पर्यंतचे खजिनदार सर थॉमस स्मिथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते. जेम्सटाउनचा हिशेब आणि सुरतेच्या वखारीचा हिशेब एकाच माणसाच्या हाताखाली होता. म्हणूनही ही गोष्ट परकी वाटत नाही.

१६२५ च्या गणतीत कॅप्टन पीअर्सच्या घरी एका आफ्रिकी स्त्रीची नोंद आहे. नाव अँजेलो, जहाज 'ट्रेझरर'. त्याच यादीत इतर अनेकांचं वय लिहिलंय, आल्याचं साल लिहिलंय. तिच्यापुढे ती जागा रिकामी आहे.