वाट पाहणाऱ्यांनी थोडं खेळलं तर बिघडलं कुठं?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घागर, ढेकळं, पापड, कुरडई आणि अठरा धान्यं मांडायची, अन् दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगायचं. त्याला शास्त्राचा आधार नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्तच आहे. तरी गर्दी हटत नाही, कारण आभाळ ज्याच्या हातात नाही त्याला पाऊस येईपर्यंतचे दिवस कशाने तरी भरावेच लागतात. हे ज्या बुलढाणा जिल्ह्याला उमगतं, त्याने दत्तक मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्याच्या मोबाईलवर एखादा खुळा खेळ दिसला म्हणून नाक मुरडू नये.

ही वाट लहान नाही. ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी आणि गृहभेटीचा अहवाल झाला, की पालकांच्या हाती उरतो तो ज्येष्ठता क्रमांक. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच; नोंदणी करून थांबलेले पालक मात्र तीस हजारांहून अधिक. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. परदेशातल्या मराठी जोडप्याला अनिवासी भारतीय म्हणून इथल्या पालकांइतकंच प्राधान्य असलं, तरी मूल ठरल्यावरही ‘कारा’चं ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश आणि मुलाचा पासपोर्ट हे टप्पे राहतातच. यातला एकही टप्पा पोर्टल दिवसातून दहादा उघडून पुढे सरकत नाही. आकडा तोच राहतो, जीव तेवढा टांगणीला लागतो.

त्यापेक्षा २०१४ सालचा ‘नेको आत्सुमे’ हा जपानी खेळ बरा. अंगणात खाऊ ठेवायचा आणि थांबायचं. कोणतं मांजर कधी येईल ते आपल्या हाती नाही. त्याच कंपनीच्या ‘ताबी काएरू’मध्ये एक बेडूक शिदोरी घेऊन मनाला येईल तेव्हा प्रवासाला निघतो आणि अधूनमधून फोटो पाठवतो. २०१८ च्या सुरुवातीला चीनमध्ये त्याचं एवढं वेड लागलं, की खेळणारे त्याला लाडाने ‘मुलगा’ म्हणू लागले. बहुतेक खेळ घाई करायला लावतात. हे खेळ थांबण्याचाच खेळ करतात. हिरवा कंदील कधी मिळेल हे ठाऊक नसलेल्या माणसाला तेवढा विसावा पुरतो.

यावर कोणी म्हणेल, मूल म्हणजे मांजर नव्हे. येणाऱ्या लेकराने आधीच बरंच गमावलेलं असतं, त्याची तयारी खेळातून होत नाही. अगदी खरं. तयारी वेगळीच करावी लागते. ओडिशातलं चार वर्षांचं मूल चिखलीत येणार असेल, तर ‘पाणी’, ‘भूक’, ‘दुखतंय’ यांना उडियात काय म्हणतात ते आईबापांनी आधी शिकावं. इथलं मूल परदेशी घरात जाणार असेल, तर त्या घराने मराठी शिकावी. पण रोज रात्री तयारीच करत बसलेला माणूस मूल येण्याआधीच थकतो. खेळ पैसे मागू लागला किंवा झोप खाऊ लागला, तर तो खुशाल काढून टाकावा. एरवी त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मोबाईलवर खरा धोका आहे तो दुसराच. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत ‘अनाथ बाळ आहे, लगेच घेऊन जा’ असे संदेश गावोगाव फिरले. मुलाच्या खरेदी-विक्रीला बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. अशा आडवाटेला ज्याची वाट पाहणं असह्य झालंय तोच आधी भुलतो. म्हणून त्याचा धीर टिकवणारं काहीही क्षुल्लक नाही. नातेवाइकांनीही लग्नकार्यात गाठ पडली की ‘नंबर लागला का?’ असं विचारण्याऐवजी ‘बेडूक परतला का?’ असं विचारावं. त्याला निदान हसून उत्तर देता येतं.